बाबांवर राज्य आलं

ही हकीकत मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. मला ती एकदा नीट क्रमाने सांगून टाकायची आहे. सोसायटीचं नाव मी बदललं आहे, कारण तिथे आता खरोखरच कुटुंबं राहतात. बाकी एकही गोष्ट बदललेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला ठेवावा लागला.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही.

मी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात नोकरी करते. अशा गोष्टींची पुस्तकं मी इतकी देत-घेत आले, की त्यांत रात्र कुठल्या पानावर होणार, हेही मला सांगता येतं. माझ्या बाबतीत जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

मार्च २०१३. गुरुवार. दुपारचे सव्वादोन.

ठिकाण वारजे.

त्याआधी आम्ही, म्हणजे मी आणि माझे वडील, नारायण पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. घराच्या मागची भिंत आणि शाळेची भिंत एकच. त्याच शाळेत बाबांनी छत्तीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला. आई गेल्यावर ते निवृत्त झाले, मग काचबिंदूने त्यांची नजर नेली. उजव्या डोळ्याने काहीच नाही, डाव्याने नुसत्या सावल्या. पण मागे मधली सुट्टी झाली, की बाबांचा चेहरा उजळायचा. "आज चौथी ब सुटली नाही अजून," असं ते खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे. पुण्यात लोकांना दुपारी झोपायला शांतता लागते. माझ्या बाबांना मुलांचा गोंगाट लागायचा.

मला तो गोंगाट नकोसा झाला होता.

हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. लोकांना सांगितलं की जिना फार उभा आहे, बाबा कधीतरी पडतील. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं होतं, की मी सेहेचाळीस वर्षांची झाले होते आणि मला शांत घर हवं होतं.

मी कोथरूडमध्ये सहा जागा पाहिल्या. कुठे खाली क्लास, कुठे समोर बसथांबा. मग कुणीतरी संभाजीचा नंबर दिला. वारज्याचाच तरुण, घरच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर जागा दाखवायचं काम करायला लागलेला. एका रविवारी दुपारी दोन वाजता त्याने मला 'सुखांगण' दाखवलं.

"फॅमिली क्राऊड आहे मॅडम. बॅचलर एक पण घेतला नाही. तुमची फॅमिली किती जणांची?"

"मी आणि वडील."

"आणि मिस्टर?"

"नाहीत."

"बरं बरं," तो घाईने म्हणाला. "फॅमिलीच झाली की ती पण."

अंगणात झोका होता, घसरगुंडी होती. दोन्हींवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. एका कडेला मोठी चिंच, बिल्डरने शोभेला राखलेली. बाकी सगळीकडे जमिनीवर सिमेंटचे ठोकळे बसवलेले. आणि शांतता... इतकी, की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

चिंचेच्या खोडाला एक पत्र्याची पाटी ठोकलेली होती. जुनी, गंजलेली, हाताने रंगवलेली.

'दुपारी १ ते ४ मुलांनी येथे खेळू नये.'

मला हसू आलं. म्हटलं, चला, पेठ सोडली तरी पाटी काही सुटली नाही.

"मुलं आहेत का हो इथे?" मी विचारलं.

संभाजीने बंद खिडक्यांच्या रांगांकडे पाहिलं. "मुलं? होतील की."

मी तिथल्या तिथे होकार दिला.

घरी आले. बाबांनी खोल्या किती, पाणी केव्हा येतं, असलं काही विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"वासू, तिथे लहान मुलं आहेत का?"

मी म्हणाले, "खूप आहेत, बाबा. घसरगुंडीला रांग लागते."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी आणखी पुढे गेले. "दुपारी दंगा करू नये म्हणून पाटीसुद्धा लावलीय."

"मग असणारच," बाबा समाधानाने म्हणाले. "नसलेल्या मुलांसाठी पाटी कोण लावेल?"

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. अठ्ठावीस घरांपैकी पाच घरांत माणसं होती. बाकीची कुलपं. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली. त्या पाच घरांत एकही मूल नव्हतं. सकाळी आठला चार गाड्या बाहेर जायच्या आणि मग दिवसभर आवाज म्हणून नाही. मी सुखात होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरी बरोबर अंगणावर. बाबा तिथे खुर्ची टाकून बसायचे, कान खाली लावून.

"मुलं कुठे आहेत गं?"

"घटक चाचणी चालू आहे."

आठवड्याने, "आता?"

"सहलीला गेलीत."

मग कुणाची मुंज, मग कुठली स्पर्धा. डिसेंबर संपत आला तेव्हा मी पुन्हा परीक्षेवर आले. बाबा म्हणाले, "तुझ्या सोसायटीत बाराही महिने परीक्षा असतात वाटतं. रांगणाऱ्यांनाही बसवलंय का बोर्डाला?"

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पाटी आहे ना बाबा, म्हणून दुपारी खाली येत नाहीत. संध्याकाळी तुम्ही टीव्ही ऐकत असता, तेव्हा येतात."

बाबा ताठ बसले. छत्तीस वर्षांचा मास्तर जागा झाला.

"काढायला लाव ती पाटी. मुलांना खेळू नका म्हणायचं म्हणजे काय? लिहून घे, अर्ज देतो सोसायटीला. 'माननीय सचिव, सप्रेम नमस्कार...'"

सचिव कसला, सोसायटी अजून नोंदलेलीही नव्हती. दोन दिवस ते अर्जाचा मसुदा सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, वाचनालयाच्या सुट्टीला, मी पक्कड घेऊन खाली गेले आणि पाटी उपटून काढली. नसलेल्या मुलांना परवानगी द्यायला माझं काय जात होतं? चार खिळे होते. लांब, जुने, खोडात वाढलेले. शेवटचा निघताना एखाद्याने दात ओठ खाऊन धरल्यासारखा कुरकुरला.

पाटी मी माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर बाबा दारातच उभे.

"आज आली होती," ते म्हणाले.

मला वाटलं, दुरून कुठून तरी आवाज आला असेल. वारज्यात मुलांची काय कमी? मी म्हटलं, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

खोटं इतक्या सहज खरं झालेलं पाहून मला बरंच वाटलं.

त्यानंतर बाबा रोज दुपारी खाली जायला लागले. काठी टेकत, सतरा पायऱ्या मोजत. त्यांच्या उजव्या चपलेचा तळ सुटलेला होता. चालताना चट्... फरक, चट्... फरक असा आवाज व्हायचा. नवी घ्या म्हटलं तर, "या चपलेला रस्ता माहीत झालाय," म्हणायचे. खिशात लिमलेटच्या गोळ्या न्यायचे. येताना खिसा रिकामा असायचा.

रात्री जेवताना मला बातम्या मिळायच्या. सात जण आहेत. एक बोबडं आहे, 'राज्य'ला 'लाज्य' म्हणतं. एक मुलगी फार दांडगी आहे. लपंडाव खेळतात. चिंच हा त्यांचा भोज्या.

"नावं काय त्यांची?"

"विचारलं मी. हसतात नुसती."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी पण आहे खेळात. आंधळा म्हातारा, म्हणून कच्चं लिंबू घेतलंय मला."

कच्चं लिंबू माहीत नाही असा मराठी माणूस नसेल. ते खेळात असतं आणि नसतंही. सापडलं तरी आऊट नाही. त्याच्यावर कधी राज्य येत नाही, कुणाला शोधत फिरावं लागत नाही. त्याला सगळं माफ.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर गेलेल्या माणसाला या वयात असे भास होऊ शकतात. त्रास देत नसतील तर वाद घालू नका. मी वाद घातला नाही. मला तेच सोयीचं होतं.

एकटी सोजरबाई बोलली. ती आमच्याकडे धुणंभांडी करायची आणि दोनपर्यंत बाबांजवळ थांबायची. ती जमीन पूर्वी तिच्याच सासरची होती. एका सकाळी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "ताई, चिंचंवरची पाटी कुटं गेली?"

"मी काढली."

तिने नळ बंद केला.

"का?"

"मुलंच नाहीत तर पाटी कशाला, सोजरबाई?"

तिने पुन्हा नळ सोडला. "ती पाटी सोसायटीची न्हाई. आमच्या मामंजींची हाय. गेनबांची. हितं समदं शेत हुतं तवा लावलेली, मास्तरांकडनं लिवून घेऊन."

"शेतात? शेतात कोण मुलं यायची खेळायला?"

"तेच की," सोजरबाई म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही. वाचनालयाला उशीर होत होता.

आता तो गुरुवार.

गुरुवारी वीज नसते, हे पुण्यात नवीन नाही. दहाला गेलेली वीज चारला येणार होती. पंखा बंद, फ्रिज बंद. जेवणं झाली. बाबा उठले नाहीत. पाटावर तसेच बसून राहिले.

"आज जायचं नाही का खाली?"

"नको. बाजूला बसवतात मला," बाबा म्हणाले. आवाज अगदी तिसरीतल्या मुलासारखा. "कच्चं लिंबू, कच्चं लिंबू. राज्य म्हणून देत नाहीत. अगं, मला येतं शोधायला. तुझ्याशी किती खेळलोय."

खेळले होते. नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत लपायला एकच जागा होती, दाराआड. दाराखालून माझी पावलं बाहेर दिसायची. बाबा शंभरपर्यंत मोजायचे, त्या दाराशी येऊन थांबायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "वासंती इथे तर नाही बाई. कुठे गेली बरं?" आणि निघून जायचे. मी सात वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, की मी फार हुशार आहे.

मला एकदम भरून आलं. या माणसाला मी मुलांपासून उचलून इथे आणून ठेवलं होतं. भासातल्या मुलांतही त्याला धड जागा मिळत नव्हती.

"चला," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

मी त्यांना खाली बाकावर नेऊन बसवलं. अंगण रिकामं. ऊन एवढं, की ठोकळ्यांवर पाय ठरत नव्हता. मी वर आले, गॅलरीत उभी राहिले आणि शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढला.

"काय रे मुलांनो! माझ्या बाबांना नीट खेळायला घ्या. ते कच्चं लिंबू नाहीत!"

माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. बाकावर बाबांनी तोंड वर केलं. हसले. किती दिवसांनी हसले.

मीही हसले.

आणि मग...

झोका थांबला.

झोका थांबला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो हलत होता. त्याच्या कड्यांची करकर मी मघापासून ऐकत होते. वारा नव्हता.

खाली कुणीतरी हळूच म्हणालं,

"बलं."

बोबडं.

मी कठडा घट्ट धरला. अंगणात बाबांशिवाय कुणी नव्हतं. पण ठोकळ्यांवरून पावलं धावत आली. अनवाणी, हलकी... बाकाभोवती येऊन थांबली. बाबांनी हात पुढे केला. चकताना करतात तसा. सगळ्यांनी हात एकत्र आणून तळवा उलटा किंवा सुलटा टाकायचा. ज्याचा वेगळा पडेल तो सुटला. शेवटी राहील त्याच्यावर राज्य.

चट्!

एक पाऊल बाजूला झालं.

चट्!

दुसरं.

मी मोजत होते. सात वेळा. दर वेळी बाबांचा हात उलटायचा आणि दर वेळी दुसरंच कुणी सुटायचं.

शेवटी बाबांचा हात एकटा राहिला, हवेत.

मला हाक मारायची होती. घशातून आवाज निघाला नाही, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरं नाही. आवाज निघाला असता. मी मारली नाही, कारण बाबा आनंदाने उठले होते. काठी बाकावरच ठेवून ते सरळ चिंचेकडे चालत गेले. चट्... फरक. चट्... फरक. खोडाला कपाळ टेकवलं. दोन्ही हातांनी डोळे झाकले. ज्या डोळ्यांना दिसत नव्हतं, ते.

"दहा... वीस... तीस..."

पावलं चारी बाजूंना पांगली.

"...नव्वद... शंभर. येऊ का?"

आणि सगळीकडून, बंद खिडक्यांतून, जिन्यातून, माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या घरातून, एकदमच,

"ये!"

त्यानंतर काहीच नाही. पूर्ण शांतता. जी ऐकून मी हे घर पसंत केलं होतं, तीच.

मी आत येऊन खाटेवर बसले. स्वतःला सांगितलं, ऊन लागलंय, बाबांचा भास तुलाही जडला. पाच मिनिटं डोळे मिटून बसावं, मग जाऊन त्यांना वर आणावं.

मला झोप लागली.

हे मी माझ्या भावालाही अजून सांगितलेलं नाही. त्या शांततेत मला गाढ, गोड झोप लागली.

जाग आली ती पंखा सुरू झाला म्हणून. चार वाजले होते.

बाबा चिंचेपाशीच होते. गुडघ्यांवर बसलेले, कपाळ खोडाला टेकलेलं, हात डोळ्यांवर. मी खांद्याला हात लावला आणि मला कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, फार तर अडीच वाजले असतील, त्रास झाला नसावा.

त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर मातीचे पंजे उमटले होते. लहान लहान. ओल्या, काळ्या मातीचे. त्या अंगणात मूठभर माती नव्हती, आणि मार्च होता.

मी मोजले.

सात.

लपलेल्याने मागून येऊन राज्य असलेल्याच्या पाठीत थाप मारली, की त्याला धप्पा म्हणतात. धप्पा बसला, की त्याच्यावरच पुन्हा राज्य. पुन्हा खोडाशी जायचं. पुन्हा दहापासून मोजायचं.

भाऊ नाशिकहून आला. अनंतदादा कमी बोलतो. तेराव्यानंतर निघताना चपला घालत तो एवढंच म्हणाला, "तूच निवडली होतीस ना गं ही जागा?" टोमणा नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

सोजरबाईला मी सगळं सांगितलं. ती खाली बसून ऐकत होती.

"कुणाची मुलं होती ती?"

"कुणाची म्हंजी... दुपारची," ती म्हणाली. "मामंजी पण तेवढंच सांगायचे. दुपारची पोरं हायत, कुणाचं वाईट करत न्हाईत, फकस्त त्यांच्यात खेळायचं न्हाई. कच्चं लिंबू म्हणून बसला तर बसला. कच्च्या लिंबाला कोन धरत न्हाई." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आजोबांनी तेवढं बरोबर केलं हुतं, ताई."

पुढचं तिने म्हणायची गरज नव्हती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी एकटी जेवून पडले होते. वीज नव्हती. दोन वाजून गेले असतील.

खालून आवाज आला.

"दहा... वीस... तीस..."

बाबांचा. जरा दमलेला. शंभर झाले. मग...

"येऊ का?"

कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा दहापासून. पुन्हा "येऊ का?" चार वाजेपर्यंत. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी गॅलरीत जाऊन पाहिलं नाही. मला माहीत होतं, तिथे नुसती चिंच दिसणार.

ज्याच्यावर राज्य असतं, त्याला कुणीतरी सापडल्याशिवाय सुटका नसते. ती मुलं सापडणार नव्हती. सापडलेल्याचं नाव पुकारावं लागतं, आणि बाबांना त्यांतल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. त्या खेळात नाव माहीत असलेली एकच व्यक्ती होती.

जून लागता लागता मी ठरवलं. दोन वाजता पुढचं दार उघडं टाकलं. झोपायच्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहिले. पावलं बाहेर दिसतील अशी. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईची पावलं.

"...नव्वद... शंभर. येऊ का?"

मुलांनी त्यांना 'ये' म्हटलं होतं. मी आयुष्यात बाबांना अरे-तुरे केलं नाही.

"या, बाबा," मी म्हटलं.

जिन्यावर आवाज आला.

चट्... फरक. चट्... फरक.

सतरा पायऱ्या. पुढची खोली. दाराच्या पलीकडे येऊन चपला थांबल्या. मध्ये फक्त लाकूड. मला लिमलेटचा वास आला. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, शोधा बाबा. मी सापडले. उतरवा ते राज्य, माझ्यावर येऊ दे.

बराच वेळ काही नाही...

मग, अगदी जवळून,

"वासंती इथे तर नाही बाई. कुठे गेली बरं?"

आणि चपला परत फिरल्या.

मी तिथेच खाली बसले आणि पहिल्यांदा रडले.

त्यांना दिसली होती मी. त्या एका डोळ्याने, सावलीसारखी, किंवा आता कदाचित स्वच्छ. त्यांनी मला तेव्हाही सापडू दिलं नाही आणि आताही देत नाहीत. राज्य स्वतःवर ठेवून ते जातात. खाली जाऊन पुन्हा दहापासून मोजतात.

याला आता वर्षं झाली. सुखांगण भरलं आहे. कुलपं निघाली, खिडक्यांत कपडे वाळतात, झोक्यावरचं प्लॅस्टिक कधीच फाटून गेलं. आता मुलं आहेत. खरी. घसरगुंडीला खरोखर रांग लागते. शाळा असते तोवर दुपारी कुणी खाली नसतं. पण मे महिन्यात असतात.

माळ्यावरची पाटी मी दोनदा खाली काढली. एकदा चिंचेला लावलीसुद्धा. त्या गुरुवारी दुपार सुनसान गेली. मोजणी नाही, चपला नाहीत, काही नाही. मी चार वाजेपर्यंत दाराआड उभी होते. सव्वाचारला खाली जाऊन पाटी काढून आणली.

पाटी लावायला हवी, हे मला कळतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या विजयमालाची चार वर्षांची नात मला जिन्यात भेटली. मुठीत लिमलेटची गोळी होती. कुणी दिली विचारलं, तर हसली नुसती.

आणि परवाच्या गुरुवारी बाबा नेहमीसारखे दाराशी येऊन थांबले. नेहमीचं वाक्य म्हणाले. चपला परत फिरल्या, जिना उतरायला लागल्या.

पण दाराच्या पलीकडे कुणीतरी तसंच उभं होतं.

अनवाणी.

माझ्या पावलांकडे बघत असावं. मग बोबड्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालं,

"आजोबा लडीचा डाव खेळतात."

दर बुधवारी रात्री मी ठरवते, उद्या सकाळी उठल्या उठल्या पाटी लावायची. चार खिळे आणि हातोडी दाराजवळ काढून ठेवते. आजही ती तिथेच आहेत. आज गुरुवार आहे. वीज गेली आहे. पावणेदोन झालेत.

मी दाराआड जाऊन उभी राहते आहे.

पावलं बाहेर दिसतील अशी.